बारा रिकामी बाकं

एका अमेरिकन वकिलाचं निम्मं आयुष्य मी नऊ बोटांनी टाइप केलं आहे. उजव्या करंगळीला तसं काम नव्हतं. आपल्या मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या काकूंनी 'नोकरीतले अनुभव लिही' असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अंकात लिहिणारे बाकीचे लोक बँकांमध्ये मोठ्या जागांवर आहेत, माझी नोकरी तर अर्धवेळ होती. काकू म्हणाल्या, "अर्धवेळ तर अर्धवेळ. पानं मात्र पूर्ण भरून दे." म्हणून लिहितो आहे.

मी २००५ च्या सुमारास अमरावतीहून इथे, या देशात, इंजिनिअरिंग शिकायला आलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात काय विचारायचं असतं, हे घरी विचारायची सोय नव्हती. विद्यार्थ्यांना आठवड्याला ठरावीक तासच काम करता येतं, हेही मला सूचनाफलकावरूनच कळलं. त्याच फलकावर या कामाची चिठ्ठी होती.

ऑफिस शहरातल्या तोआ पायोह भागात, कारखान्यांच्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं. तिसऱ्या मजल्यावर बिस्किटं भाजायचे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या सगळ्या कागदपत्रांना मला आजही गरम बिस्किटांचा वास येतो.

काम असं. अमेरिकेतल्या एका गावाने आपल्या जुन्या कागदांचे फोटो काढून पाठवले होते. पत्रं, ठराव, दावे, सगळं हाताने लिहिलेलं. ते पडद्यावर बघायचं आणि टाइप करायचं, म्हणजे पुढे कुणालाही त्यात नाव शोधता येईल. प्रत्येक पान दोन माणसं वेगवेगळी टाइप करत. मग मशीन दोन्ही ताडून बघे. जिथे फरक असेल ती ओळ सुपरवायझरकडे जाई. भिंतीवर एकच नियम लावला होता: 'दिसतं ते टाइप करा. माहीत आहे ते करू नका.' एखादी ओळ लागली नाही, तर 'अवाच्य' अशी खूण टाकायची. अवाच्य लिहिण्यात कमीपणा नव्हता. अंदाज करणं हा मात्र गुन्हा होता. अंदाज करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगत नसत.

माझी जोडी आंटी लिम यांच्याशी होती. साठीच्या पुढच्या. हौगांग भागात, माझ्या भाड्याच्या खोलीपासून दोन ब्लॉक, म्हणजे दोन इमारती, सोडून राहायच्या. आधी त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होत्या. तो कारखाना देशाबाहेर गेला, आंटी इथेच राहिल्या. त्यांना इंग्रजी बोलता यायचं, पण लिहिलेलं फारसं समजायचं नाही, आणि या कामात ते त्यांचं बळ होतं. चिनी नववर्षाला लहान मुलांना देतात त्या लाल पाकिटाचा त्यांनी एक तुकडा कापला होता. त्याला मध्ये एका शब्दाएवढी खिडकी. ती खिडकी पडद्यावर धरायची, दिसेल तो शब्द टाइप करायचा, खिडकी पुढे सरकवायची. वाक्य त्यांना कधी दिसतच नसे. दोन वर्षांत त्यांची एकही चूक निघाली नव्हती. माझ्या बऱ्याच निघाल्या, कारण मी वाचत होतो.

वाचण्यासारखं होतंच ते. नोकरीच्या कराराप्रमाणे मला गावाचं आणि वकिलाचं नाव लिहिता येत नाही. घरी आम्ही त्याला 'वकीलबुवा' म्हणत असू, तेच इथे वापरतो.

वकीलबुवा शेतकऱ्याचा मुलगा. घरात अक्षर ओळखणारा पहिला. एका म्हाताऱ्या वकिलाच्या ऑफिसात झाडू मारायचा, तिथेच झोपायचा आणि त्याचीच पुस्तकं वाचून वकील झाला. आईला वाचता येत नसे. शेजारी पत्र वाचून दाखवतील, म्हणून तिला लिहिताना तो खासगी काही लिहीत नसे. 'येथे हवा बरी आहे' अशी त्याची कितीतरी पत्रं मी टाइप केली. घरी फोन केला की मीसुद्धा हवेबद्दलच बोलत असे, त्यामुळे मला तो समजत होता असं वाटायचं.

एका विधवेची गाय रेल्वेखाली आली, तेव्हा त्याने कोर्टात रेल्वे कंपनीला गायीच्या तीन पिढ्या ऐकवल्या. पुढे तो नगरपालिकेत गेला. गावात डुकरं मोकाट फिरत, म्हणून त्याने नियम केला, की मोकाट डुक्कर दिसलं तर कोंडवाड्यात. पहिल्याच आठवड्यात जे पहिलं डुक्कर धरलं गेलं, ते त्याच्या बायकोचं होतं. सभेत नियमाच्या बाजूने तोच बोलला आणि डुकराच्या बाजूनेही तोच बोलला. दोन्ही भाषणं नोंदवलेली आहेत. डुकराच्या बाजूचं जास्त चांगलं आहे.

ही गोष्ट मी फोनवर बाबांना सांगितली आणि तिथून सवय लागली. बाबा अमरावतीला बसच्या डेपोत मेकॅनिक होते. मी दर रविवारी संध्याकाळी फोन कार्ड खरवडून त्यांना फोन लावायचो. त्या आठवड्यात त्यांनी 'जेवला का?' नंतर लगेच विचारलं, "सुटलं का ते डुक्कर?"

"नाही. तीन रात्री आत होतं."

"वकिलाच्या घरचं असून?"

"वकिलाच्या घरचं असून."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "असा माणूस पाहिजे." मग ते आईला सांगायला आत गेले आणि माझ्या कार्डावरची तीन मिनिटं संपली.

पुढच्या रविवारी त्यांनी डेपोतल्या मित्रांचे प्रश्न कागदावर लिहून आणले होते. वकीलबुवा राज्याच्या सभागृहासाठी उभा राहणार असं कळलं, तेव्हा तर बाबा अस्वस्थच झाले. "खर्चाचं काय करंल तो?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, बाबा, तो मरून शंभर वर्षं झाली. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण निवडून आला का?"

मला ते माहीत नव्हतं. पानं क्रमाने येत होती आणि निवडणूक नोव्हेंबरात होती. मी सप्टेंबरपर्यंत पोचलो होतो.

त्या उन्हाळ्यात गावाने शाळेची नवीन इमारत बांधली होती. वकीलबुवा शाळेच्या मंडळाचा वकील होता. बाकं आली, त्यांपैकी बारा रिकामी आहेत, ती मागच्या भिंतीशी लावून ठेवावीत, असा ठराव त्याच्याच अक्षरात होता. तो मी टाइप केला होता. बारा हा आकडा मला लक्षात राहिला, कारण लाकडाचा प्रकारसुद्धा लिहिला होता.

नंतर धाकट्या भावाला लिहिलेलं त्याचं एक पत्र आलं. तेव्हा कागद वाचवायला लोक पान आडवं लिहून भरत आणि मग तेच पान फिरवून त्याच ओळींवरून उभं लिहीत. अशी पानं चाळणीसारखी दिसतात. वाचायला तासभर लागतो. मला दीड तास लागला.

त्यात त्याने लिहिलं होतं, की गावातला काळा न्हावी आपल्या मुलीला शाळेत घ्या म्हणून आला होता. त्याने मुलीलाही बरोबर आणलं होतं. तिने वाचून दाखवलं आणि चांगलं वाचलं. पुढचं त्याच्याच शब्दांत: मी त्यांना सांगितलं, की बाकं पुरेशी नाहीत. बाकं आहेत, तुला माहीत आहे. पण नोव्हेंबरात निवडणूक आहे आणि मला लोकांकडे मतं मागायची आहेत.

अशा चार ओळी होत्या. दुसऱ्या ओळीत मुलीचं नाव होतं.

माझ्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवत. ते ही गोष्ट तक्रार म्हणून कधी सांगत नसत. "हजेरीत नाव होतं आपलं," एवढंच सांगत. असा आजोबा असलेल्या माणसाने ते पान सगळ्यात आधी टाइप करायला हवं होतं. मी उलटं केलं. पान सगळं टाइप केलं आणि त्या चार ओळींवर 'अवाच्य' अशी खूण टाकली. का, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. रविवारी बाबांना काय सांगायचं, हा विचार मनात होता. डेपोतल्या मित्रांचाही होता. आणि कदाचित, झाडू मारत शिकलेला माणूस असं करू शकतो, हे मला इतक्यात कळायला नको होतं.

आंटी लिमनी तेच पान लाल पाकिटाच्या खिडकीतून, शब्दामागून शब्द, पूर्ण टाइप केलं होतं.

शुक्रवारी सुपरवायझरांनी, मिस्टर सेल्वम यांनी, आंटींना बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते पान स्वतः वाचून बघितलं होतं आणि त्यांना ते लागलं नव्हतं. त्यांच्या टेबलापासून माझं टेबल दोन हातांवर होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. तिथे सगळे इंग्रजीत बोलत, मी मराठीत लिहितो; वाक्याच्या शेवटी लावायचा इथला 'लाह' तेवढा तसाच ठेवतो.

"आंटी, हे कसं वाचलंत?"

"बघून."

"हा शिकलेला मुलगा. तो म्हणतो वाचता येत नाही."

"त्याचे डोळे खराब असतील, लाह."

"या शब्दाचा अर्थ सांगा बघू."

आंटींनी पडद्याकडे बघितलं. "नाही माहीत."

"हा?"

"नाही माहीत. रोजच नाही माहीत. आज का विचारता?"

मिस्टर सेल्वम यांनी मान हलवली. ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही, तो इतक्या वाईट पानावर ओळखता कसा येईल, असं त्यांना वाटलं. भिंतीवरचा नियम त्यांच्या पाठीमागे होता, तो त्यांना दिसत नव्हता. ते म्हणाले, "आंटी, हा अंदाज आहे. सोमवारपर्यंत घरी बसा. तुमच्या नव्या कराराचा कागद मी तोवर वर पाठवत नाही."

आंटींनी लाल पाकीट पर्समध्ये ठेवलं. मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मी कॉफी पीत होतो. ती संपेपर्यंत आंटी लिफ्टमध्ये शिरल्या होत्या.

शनिवार मी अभ्यासात काढला, म्हणजे पुस्तक उघडं होतं.

रविवारी सकाळी ब्लॉकखालच्या बाजारात आंटी भेटल्या. हातात पालेभाजीची पिशवी होती. "बॉय, जेवलास?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली. "तू शिकलेला आहेस. माझा कुठला शब्द चुकला, तो दाखव. मी शिकून घेईन. मी अंदाज केला नाही, पण चुकले असेन. या वयात दुसरं काम मिळत नाही, लाह. फार तर ताटं उचलायचं मिळेल."

मी म्हटलं, उद्या बघतो. हे वाक्य लिहितानासुद्धा मला बरं वाटत नाही.

संध्याकाळी बाबांचा पहिला प्रश्न अर्थात निवडणुकीबद्दल होता. मी सांगितलं, या आठवड्यात पुढे सरकलो नाही, एक पान अवाच्य निघालं.

"पाण्यात भिजलं होतं का?"

"नाही. आडवं लिहून त्याच्यावर उभं लिहिलंय."

"मग फिरवून बघ," बाबा म्हणाले. त्यांना बसच्या इंजिनाबद्दलही हेच वाटायचं. बहुतेक वेळा ते बरोबर असायचे.

सोमवारी माझी पाळी दुपारी असायची. मी सकाळी आठलाच गेलो. मिस्टर सेल्वम नुकतेच आले होते. मी उभ्यानेच सांगितलं, की ते पान मला वाचता आलं होतं.

"वाचता आलं होतं?"

"हो."

"मग अवाच्य का लिहिलंस?"

मी रात्रभर उत्तर तयार केलं होतं, पण निघालं ते वेगळंच. "तो चांगला माणूस आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. "कोण?"

"वकील."

"तो तुझा अंकल आहे?"

"नाही."

"मग तुझं काय गेलं?"

 त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "अंदाज केला असतास तर मला समजलं असतं. इथे सगळ्यांना कधी ना कधी मोह होतो. पण तू वाचून न वाचल्यासारखं केलंस. याला आपल्याकडे नियमसुद्धा नाही." पुढच्या आठवड्यात भिंतीवर दुसरा नियम लागला: 'वाचता येत असेल तर अवाच्य लिहू नये.' त्याखाली माझं नाव नव्हतं, हा त्यांचा चांगुलपणा.

मग त्यांनी आंटींचं टायपिंग आणि माझं टायपिंग पडद्यावर शेजारी शेजारी लावलं आणि मला पत्रातल्या त्या चार ओळी वाचायला लावल्या. मोठ्याने. मुलीच्या नावापाशी मी थांबलो. ते नाव आधी कुठेच आलं नव्हतं. शाळेत घेतलंच नाही, तर हजेरीत कुठून येणार? वकीलबुवाचं नाव त्या कागदांत हजारो वेळा असेल. तिचं एकदाच होतं आणि ते मी पुसलं होतं. मी एका माणसाला झाकत होतो. त्या पांघरुणाखाली तीही गेली, हे मला तोपर्यंत खरंच सुचलं नव्हतं.

आंटींना त्याच सकाळी फोन गेला. कराराचा कागद वर गेला आणि सही होऊन आला. मिस्टर सेल्वम यांनी त्यांची माफी मागितली. आंटी म्हणाल्या, "ओके, लाह," आणि माझ्याकडे न बघता खिडकी पडद्यावर धरली.

मला काढलं नाही. माझी बदली कोऱ्या पानांवर झाली. फोटोंमध्ये कितीतरी पानं कोरी येतात. ती खरोखर कोरी आहेत ना, हे कुणीतरी बघून लिहून द्यावं लागतं. ते काम मी पुढचे सात महिने केलं. त्यात माझी एकही चूक निघाली नाही.

आंटी जवळजवळ दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या बाजारात, माझ्या समोर येऊन बसल्या. त्यांनी आपल्या भातावरचं अर्धं अंडं माझ्या ताटात टाकलं आणि म्हणाल्या, "त्यांनी मला अर्थ विचारला तेव्हा तुला अर्थ माहीत होता."

"हो."

"मग आता सांग. काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं. न्हावी, त्याची मुलगी, तिने वाचून दाखवलं ते, निवडणूक. आंटी जेवता जेवता ऐकत होत्या.

"बाकं होती?"

"बारा."

"मोजलेली?"

"त्यानेच मोजलेली. ठराव मीच टाइप केला होता."

आंटींनी चमचा ठेवला. "म्हणजे त्याला दिसत होतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुझ्यासारखंच." आणि उरलेलं अंडं खाल्लं.

त्यानंतर त्या अधूनमधून मला शब्दांचे अर्थ विचारू लागल्या. कामाच्या वेळेत नाही, जेवताना. कामाच्या वेळेत त्यांची खिडकी एका शब्दापेक्षा मोठी कधी झाली नाही. निवडणुकीचा निकालही मला त्यांनीच सांगितला. एका दुपारी माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाल्या, "बॉय, 'डिफीटेड' म्हणजे हरला ना? तुझा अंकल हरला."

अकरा मतांनी. पुढे तो पुष्कळ जगला. त्याचा मृत्युलेख छापील होता, म्हणून तो आंटींनी आणि त्यांच्या नव्या जोडीदाराने सारखाच टाइप केला, एका अक्षराचाही फरक आला नाही. त्यात त्याला 'शिक्षणाचा मित्र' म्हटलं आहे. दिसतं ते टाइप करायचं असतं.

निकाल कळला त्या रविवारी बाबांना फोन लावला. हवेबद्दल बोललो नाही. त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "बाबा, पडला तो."

"पडला?" मग त्यांनी विचारलं, "किती मतांनी?"

"अकरा."

"अरेरे. अकरा म्हणजे एक घर फिरलं असेल. काय कमी पडलं त्याचं?"

मग मी सगळं सांगितलं. बाकांचं, न्हाव्याचं, मी काय केलं ते, आंटींना घरी बसवलं तेही. कार्डावर किती मिनिटं आहेत ते बघितलं नाही. मधे आई काहीतरी विचारत होती, तिला बाबांनी थांबवलं. माझं बोलून झालं. मला वाटलं, लाइन गेली.

"बाबा?"

"आहे." मग विचारलं, "पोरीचं नाव काय होतं?"

कराराप्रमाणे मला वकिलाचं नाव लिहिता येत नाही. तिच्याबद्दल करारात काही नाही. मी सांगितलं.

"थांब," बाबा म्हणाले. "पेन घेतो." खण उघडल्याचा आवाज आला. "हं, सांग आता. सावकाश."

"ड्रुसिला."

"कसं लिहायचं?"

"ऐकू येतं तसं लिहा."

"ड्रु," बाबा म्हणाले, आणि लिहून होईपर्यंत थांबले. "सि." पुन्हा थांबले. "ला. पुढे?"

"पुढे काही दिलेलं नाही."

"बरं," बाबा म्हणाले. "एवढं लिहिलं."